चाकाखालचा दगड

दादाच्या पिकअपचे मागचे ड्रम-ब्रेक काढून डिस्क-ब्रेक बसवायचं खूळ माझंच. वहिनीने फक्त एवढंच म्हटलं होतं, "भावजी, ह्येंच्या गाडयेचे ब्रेक जरा बघा." बघा म्हणजे बघा. मी बघायला गेलो आणि गाडीचा मागचा सगळा संसारच बदलून बसलो. डिचोलीत माझं गॅरेज आहे, पंचवीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं मला तोंडावर सांगतात, माणूस तापट, पण काम चोख. तापट म्हटलेलं मला चालतं. कामाला कोणी नाव ठेवलं की मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं मूळ घर पेडण्यात, मोपाच्या सड्याखाली, त्या कातळी पठाराच्या पायथ्याशी. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. सड्यावरून रस्ता सरळ उतरत आमच्या अंगणात येऊन संपतो. घरापासून तीस-चाळीस पावलं वर, उतारावरच, एक जुनं झाड आहे आणि त्या झाडाखाली राखणदाराची जागा. मूर्ती नाही, घुमटी नाही. एक पणती, कोणी ठेवलेला पाव, विडी, कधी सोऱ्याचा, गावठी दारूचा घोट. गावाची राखण करणारा तो, त्याला एवढं पुरतं. उतरणारी गाडी तिथे थांबते, एकदा हॉर्न देते आणि पुढे जाते. दादा तर आपली पिकअप रोज तिथेच लावायचा, कारण खाली अंगणभर वहिनीची सोलं आणि मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या.

गाडीचं तोंड घराकडे आणि समोर आमचं बलकांव. वहिनी संध्याकाळी तिथेच बसते, दारासमोरच्या त्या दगडी बाकावर, कधी भाजी चिरत, कधी वाल सोलत. तिचं हे बसणं लग्न होऊन आली तेव्हापासूनचं आहे. गाडी सुटली तर सरळ तिच्यावरच येणार, हे मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टीकडे रोज कोण बघतो?

दादा आधी सुर्लेला खनिजाचे ट्रक चालवायचा. तिथे एकाने गिअरमध्ये उभा असलेला ट्रक चावी मारून सुरू केला, ट्रकने उडी घेतली आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाचा पाय गेला. तेव्हापासून दादा गाडी गिअरमध्ये लावत नाही म्हणजे नाही. हँडब्रेक ओढायचा आणि चाकाखाली दगड. दगडही ठरलेला, सुर्लेहून आणलेला, काळा, एका बाजूने चाक लागून लागून गुळगुळीत झालेला. खाणी बंद पडल्या, नोकरी गेली, पिकअप आली, दगड मात्र तोच राहिला.

पावसात ड्रममध्ये लाल चिखलाचं पाणी शिरायचं आणि ब्रेक धरायचे नाहीत. एका संध्याकाळी गाडी राखणदाराकडे थांबलीच नाही, पार अंगणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. वहिनी बाकावरून उठून उभी राहिली होती, मांडीवरचे वाल सगळे खाली. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला.

ड्रम निघता निघेनात. घणाने ठोकून काढले. आत लायनर गुळगुळीत, सिलिंडरमधून तेल पाझरलेलं, सगळा राडा. मी म्हटलं, हे पुन्हा बसवायचंच नाही. लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतले आणि भंगारातून एका गाडीच्या मागच्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर आणले, हँडब्रेकची तार लागते तसले. त्या गाडीचा पुढचा भाग आत गेलेला होता. मी भंगारवाल्याला विचारलं, "कुणाची रे गाडी?" तो म्हणाला, "तुला ब्रेक पाहिजे काय गाडीवाला?" मी पैसे मोजले.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती. दादा सीटवर, मी गाडीखाली. "मार, मार, मार... धर!" मी ओरडायचो, तो पेडल दाबून धरायचा, मी खाली नट सैल करायचो आणि तेलातून बुडबुडे निघायचे. देवापुढे गाऱ्हाणं घालताना सगळे मिळून जसं म्हणतात तसं, माझ्या दर 'धर'ला दादा वरून म्हणायचा, "होय म्हाराजा!" तासभर आमचं हेच चाललं होतं. हसून हसून माझ्या तोंडात तेल गेलं.

ब्रेक झाले अस्सल. डिचोलीहून पेडण्यापर्यंत मीच गाडी चालवत नेली. झाडाखाली नुसता पाय ठेवला आणि गाडी उभी, आवाज नाही की काही नाही. दादा सवयीने दगड घेऊन खाली उतरला. मी त्याच्या हातातून तो दगड घेतला आणि खाली रस्त्याच्या कडेला भिरकावला. "डिस्क आहे, दादा, डिस्क! आता कसला दगड लावतोस?" असं मी म्हटलं. माझे शब्द आहेत हे. दुसऱ्या कोणाचे नव्हेत.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज खाली घेऊन बोलत होता. गाडी लावली, राखणदाराला विडी ठेवली, घरी येऊन हातपाय धुतले, चहा प्यायला. सगळं मिळून अर्धा तास. वर काहीतरी टक् करून वाजलं. वहिनीने मान वर केली तर गाडी चालत होती. आत कोणी नाही. सावकाश, बैल चरत पुढे सरकतो तशी चार पावलं आली आणि थांबली. जाऊन बघतात तर पुढच्या चाकासमोर तोच सुर्लेचा दगड.

"मी टाकलेला तो?" मी विचारलं.

"तू टाकलंस तो कडेक. ह्यो रस्त्याच्या मधी होतो."

मी म्हटलं, गुराने लाथ मारली असेल, नाहीतर माझीच फेक वाकडी. पण गावात तोपर्यंत गजाली सुरू झाल्या होत्या. पूर्वी ड्रम किरकिरायचे, गाडी वरच्या वळणावर आली की अख्ख्या वाड्याला कळायचं. त्या आवाजावर वहिनी चहाचं आधण ठेवायची. आता गाडी मुकाट्याने येते, थेट पुढ्यात येऊन हॉर्न देते, राखणदाराला आधी वर्दीच नाही, म्हणून तो रागावला आणि त्याने गाडी ढकलली. पण घरधनीण समोर बसलेली, तिची दया आली, म्हणून त्यानेच दगड आडवा घातला. झालं! दुसऱ्या दिवशी त्या दगडावर कुंकू, तिसऱ्या दिवशी आबोलीच्या फुलांचा वळेसर. दगड उचलून झाडाखाली पणतीशेजारी बसवला. चाकाखालचा दगड देव होऊन बसला.

रविवारी मी तणतणत गेलो. दादाने गाडी सड्यावरून उतरवून आणली, आता पणतीपासून जरा वर लावू लागला होता तिथे उभी केली, मी स्वतः हँडब्रेक ओढला. मी, दादा आणि शेजारचा एकजण, तिघांनी मिळून ढकलली. केसभर हलली नाही. "बघ," मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तूच हँडब्रेक अर्धा ओढलेला असशील." मग मी तिथेच गाडीशेजारी बसून राहिलो. ऊन कलत होतं. मोपावर उतरणारं एक विमान दिवे लावून डोक्यावरून गेलं आणि त्याचा आवाज विरला तसं सगळं एकदम शांत झालं, कीटकसुद्धा गप्प. त्या शांततेत माझ्या कानाशी टक् झालं.

चाक फिरायला लागलं. माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब. हँडब्रेकची दांडी काचेतून दिसत होती, मी ओढली तशीच, वर. गाडी हातभर पुढे गेली, झाडाच्या मुळावर चाक टेकलं आणि थांबली. खरं सांगतो, मी गुडघे मागे ओढून घेतले. राखणदार वगैरे माझ्या मनात आलाच नाही. मला आठवली भंगारातली ती आत गेलेली गाडी आणि तिचा कोण तो गाडीवाला, ज्याचं नाव मी विचारलं नव्हतं. खाली घराकडे बघितलं तर वहिनी बलकांवातून माझ्याकडे बघत होती. विळीवरचा हात थांबलेला.

कारण मला सापडलं तीन दिवसांनी, गॅरेजमध्ये. दुसऱ्या एका गाडीचा तापलेला ड्रम मी थंड व्हायला ठेवला होता आणि तो आतल्या लायनरवर असा आवळून बसला की निघेना. मी हातोडा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं, हे आमच्या धंद्यात कोणालाही ठाऊक असतं. ड्रम बाहेरून असतो, तो निवला की आतल्या लायनरला आणखी आवळतो. डिस्क मधे असते, तिला दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. ती निवली की बारीक होते आणि धरलेली पकड सैल पडते. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढला की तिघांनी ढकलून गाडी हलत नाही. अर्ध्या तासाने डिस्क निवते, टक् करते आणि सोडून देते. जुन्या ड्रममध्ये कितीही खोट असो, उभी केलेली गाडी त्यांनी कधी सोडली नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

भूत नव्हतं, राखणदार नव्हता. मी होतो.

त्याच क्षणी फोन करून सांगायला हवं होतं. केला नाही. का, तर पंचवीस वर्षांचं नाव. राखणदाराची गजाल पेडण्याहून डिचोलीपर्यंत पोचली होती, गिऱ्हाइकं मला विचारायची, "खरं काय रे?" आणि मी खांदे उडवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मनात म्हणायचो, एक दिवस गुपचूप जाईन, तार बदलीन, काहीतरी करीन, कोणाला कळायचंही नाही. मला लाज वाटते हे लिहिताना, पण तेव्हा लाजेपेक्षा भीती जास्त होती.

म्हणून मी दादाला फोन करायचो. "दादा, दगड लाव रे चाकाला."

"तेका आता चाक लावू? देवाक? तुझा डोक्या फिरला काय?"

"मग दुसरा लाव."

"तो आसा मगे थंय. तेच्यासमोर दुसरो दगड लावायचो म्हणजे तेच्यार विश्वास नाय म्हणून सांगण्यासारखा. देव तारी त्याला कोण मारी."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तेच. कधी मी चिडायचो, "शिरा पडो तुझ्या राखणदाराच्या..." आणि पुढचं गिळायचो. कधी त्याच्याच भाषेत समजवायचो, की राखणदारालाच आवडेल दगड लावलेला. दादा हसायचा. गाडी अधूनमधून सरकायची, हातभर, दोन हात, मुळावर थांबायची, आणि त्याला त्याचं कौतुकच वाटायचं. "माझ्या गाडयेक तो रोज हात लावता," असं म्हणायचा. वहिनी कुठे बसते, असं मी प्रत्येक वेळी विचारायचो. "खंय म्हणजे? बलकांवार," तो म्हणायचा.

मग एका रात्री त्याने सहज सांगितलं, उद्या सड्यावरून सिमेंट भरून आणतोय, पोचवायचं परवा, रात्रभर गाडी झाडाखाली उभी राहणार. भरलेली गाडी, तापलेली डिस्क. ते मूळ रिकाम्या गाडीला पुरत होतं. भरलेली त्यावरून सहज पलीकडे गेली असती. दुसऱ्या दिवशी दुपारीच गॅरेज बंद केलं आणि स्कूटर काढली.

पोचलो तर गाडी येऊन उभी होती. ताडपत्री बांधलेली, दोन्ही दारं लॉक. मागच्या चाकाजवळ हात नेला, धग लागत होती, पण फार नाही. म्हणजे बराच वेळ झाला होता. "दादा, चावी!" मी बोंबललो. खालून वहिनीने हात हलवला, "येवा, च्या ठेवलंय. ह्ये न्हातत." ती आपल्या जागेवर, बरोबर समोर, पुढ्यात वालांची टोपली. "वहिनी, उठा थंयसून!" मी ओरडलो. तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं. उठली नाही.

मी दगड शोधू लागलो. एक खडा नाही! राखणदाराची जागा लोकांनी झाडून, सारवून लख्ख केली होती, कडेचे दगडधोंडे सगळे उचलून नेले होते. होता फक्त तो एक. कुंकवाने माखलेला, वर ताजी आबोली. मी त्याच्यापाशी वाकलो, दोन्ही हात लावले. तो दगड मी स्वतः भिरकावला होता, आणि त्याचं देवपण माझ्याच चुकीतून आलेलं आहे हे या भूमीवर फक्त मला ठाऊक होतं. आणि तरीही हात उचलेनात! बोटांना ओलं कुंकू लागलं आणि ती तिथेच राहिली. मी मनात मोजतोय असं वाटलं, एक, दोन. पाठीमागे टक् झालं.

गाडी माझ्या खांद्याला घासून गेली. मुळावर पुढचं चाक चढलं, क्षणभर अडलं, आणि ओलांडून पलीकडे उतरलं. मागचं चाकही गेलं. आता पुढे नुसता उतार. मी दगड उपटला, धावलो, पण चाकाच्या पुढे जाता येईना. दगड हातात, तोंडातून शब्द फुटेना, आणि जो फुटला तो गॅरेजमधला.

"धर!"

गाडी थांबली.

बलकांवापासून दहा-बारा पावलांवर, निव्वळ उतारावर. मी पुढे जाऊन आधी दगड चाकाखाली कोंबला, कुंकू, आबोली सगळ्यासकट. मग वाकून बघितलं. चाकांखाली काही नव्हतं. खड्डा नाही, मूळ नाही. काचेतून ब्रेकचं पेडल दिसत होतं, वर होतं, कोणी दाबलेलं नव्हतं. मी मेकॅनिक आहे, म्हणून सांगतो, भंगारातली डिस्क सगळीकडे सारखी जाड नसते, फिरता फिरता जाड भाग पकडीत आला असेल आणि अडकला असेल. असं होऊ शकतं. दुसऱ्या कोणी मला हे असं सांगितलं असतं तर मीच त्याला हसलो असतो.

दादा ओल्या अंगाने, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला. शेजारपाजारचे जमले. आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. ही माझी चूक. डिस्क निवली की सुटते. मला तीन आठवडे माहीत होतं, मी बोललो नाही. राखणदाराचा ह्यात काही संबंध नाही.

दादा चाकाखालच्या त्या आबोलीकडे बघत होता. मग म्हणाला, "चूक तुझी. मान्य. सोडल्यान तुझ्या डिस्कान. मगे धरल्यान कोणी?"

मी पुन्हा वाकून चाकाखाली बघितलं.

पुढच्या रविवारी मी तिथेच, अंगणात, डिस्क काढून ड्रम परत बसवले. नवे लायनर, नवे सिलिंडर, चिखल आत जाऊ नये म्हणून मागे पत्रा. हवा काढताना मी "धर" म्हणालो, पण दादाने "होय म्हाराजा" म्हटलं नाही, आणि मीही हसलो नाही. डिस्क मी भंगारात दिल्या नाहीत. सड्याच्या बाजूला खड्डा खणून पुरल्या. का ते विचारू नका. दगड पुन्हा चाकाखाली आला, आता दादा रोज आधी त्याला हात जोडतो आणि मग चाकाला लावतो, त्यावर गावातलं कोणी काही बोलत नाही.

त्याच रविवारी काम आटोपल्यावर दादा गाडी घेऊन सड्यावर ब्रेक बघायला गेला. मी बलकांवात बसलो. वहिनीने समोर टोपली घेतली होती. मला राहवेना.

"वहिनी, त्या दिवशी मी उठा म्हणून ओरडलो. तुमी उठलात नाय."

तिने एक शेंग सोलली. "दगड लाव, दगड लाव म्हणान ह्येंका तुमी किती फोन केल्यात, भावजी? राखणदार ढकलता असां तुमका वाटला असता, तर दगड कित्याक सांगल्यात असता? माका पयल्या फोनाकच कळला, तुमका ठावक आसा तां."

"मगे तुमी दादाक बोललात नाय? आणि रोज हंयच बसलात? ह्या जाग्यार?"

"होय तर."

"का पण?"

"बघत होतंय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, "तुमी कधी सांगतात तां."

वर वळणावर ड्रम किरकिरले. ती टोपली खाली ठेवून चहाचं आधण ठेवायला आत गेली.